शेवट बदलता येत नसेल, तर खेळणाऱ्याने नेमकं काय खेळायचं?

पाटणची_सायली

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, खाली रेड डेड रिडेम्प्शन २ चा शेवट उघड होणार आहे आणि उत्तरांमध्ये इतर गेमांचेही शेवट येतील. ते खेळायचे बाकी असतील तर इथेच थांबा.

मी मराठीत एक छोटा गेम लिहिते आहे. त्यात चित्रं नाहीत, वाचायचं आणि पर्याय निवडायचे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात जी गावं गेली, त्यांतल्या एकात माझ्या आजीचं माहेर होतं. गेममधलं गाव मी रचलेलं आहे, पण घरातल्या वस्तू, माणसांचं बोलणं, गाडीत काय चढलं आणि काय मागे राहिलं, हे सगळं आजीकडून ऐकलेलं. खेळणारा म्हणजे चौदा वर्षांची कमळ. गाव सोडायला तीन दिवस उरलेत आणि घरात एकच बैलगाडी आहे. जातं न्यायचं की नाचणी-वरीच्या बियाण्याची पोती? देव्हाऱ्यातले टाक कुणाच्या हाती द्यायचे? म्हैस गाभण आहे, ती एवढं चालेल का, की इथेच मिळेल त्या भावाला विकायची? आत्या उंबऱ्यावर बसून आहे, 'मी हलायची नाही' म्हणते. तिच्याशी बोलायला कोण जाणार? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी निघते. तुम्ही काहीही केलंत तरी निघते.

काही ओळखीच्यांना कच्चा मसुदा खेळायला दिला. माझा मामेभाऊ भरपूर गेम खेळतो. तो पहिल्याच खेळानंतर म्हणाला, "ताई, गाव वाचवायचा पर्याय कुठाय? शेवट ठरलेलाच असेल तर मी काय खेळलो?" बाकीच्यांनीही हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तेव्हापासून लिखाण अडलं आहे.

मी स्वतः याबाबत ठाम मताची नाही, आणि त्याला कारण रेड डेड २ हा एकच गेम आहे. त्यात मोकळं फिरताना जी मुभा आहे, तशी मी दुसरीकडे क्वचितच अनुभवली. दिवसभर नुसतं मासे धरत बसावं, रस्त्यात साप चावलेल्या माणसाला मदत करावी किंवा त्याला तसंच सोडून पुढे जावं. पण मोहीम सुरू झाली की तोच गेम मनगट धरून चालवतो. ठरलेल्या वाटेवरून घोडा जरा बाजूला घेतला, मागच्या बाजूने चढून गोळी झाडावी असं वाटलं, की सोबत्याला सोडून गेलात म्हणून मोहीम फसली, पुन्हा मागच्या टप्प्यापासून. तिथे मला खरंच राग यायचा.

आणि त्याच गेमच्या शेवटच्या स्वारीत, मी पहिल्या काही तासांत धरलेला, स्वतः नाव ठेवलेला, रोज खरारा केलेला घोडा गोळी लागून पडतो. गेमचा नायक आर्थर त्याच्याजवळ गुडघे टेकून त्याचे आभार मानतो. तो प्रसंग पूर्णपणे लिहिलेला आहे, टाळता येत नाही, आणि मी अक्षरशः कंट्रोलर खाली ठेवून रडले. त्या क्षणी माझं स्वातंत्र्य हिरावलं असं जराही वाटलं नाही.

एकाच गेमने हातातून सूत्रं काढून घेतली तेव्हा एका ठिकाणी राग का आला आणि दुसऱ्या ठिकाणी का आला नाही, हे मला समजून घ्यायचं आहे. ते कळलं तर कमळच्या गोष्टीचं काय करायचं तेही कळेल.

रात्रपाळी

मी तुमच्या मामेभावाच्या बाजूने आहे आणि मनापासून आहे.

ज्या माध्यमात समोरच्याच्या हातात बटण असतं, तिथे त्याच्या हाताला काम मिळालं पाहिजे. गोष्टच सांगायची तर कथा लिहा, ती उत्तम माध्यम आहे, मी वाचतो. पण गेमचं सामर्थ्य वेगळं आहे. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड घ्या, मार्च २०१७ मध्ये आलेला. सुरुवातीच्या पठारावरची चार मंदिरं झाली, पॅराग्लायडर मिळाला, की तुम्ही सरळ किल्ल्यात जाऊन गॅननशी लढू शकता. कुणी अडवत नाही. चारही दैवी यंत्रपशू आधी मुक्त केले असतील तर गॅननची ताकद निम्म्याने घटते. केले नसतील तर ते बळकावून बसलेले चारही राक्षस तिथेच एकापाठोपाठ एक समोर येतात. तुम्ही टाळलेलं काम तुमच्यापुढे उभं राहतं, पण 'आत्ता जाता येणार नाही' असं कुणी म्हणत नाही.

डोंगर दिसला की चढता येतो, गवत पेटवलं की वर उठणाऱ्या गरम हवेवर तरंगता येतं, विजांच्या कडकडाटात धातूची तलवार पाठीला लावून फिरलात तर वीज पडते. नियम सगळ्यांना सारखे. त्यातून माझी जी गोष्ट झाली ती माझ्या मित्राची झाली नाही. आम्ही दोघे रात्रपाळीच्या सुट्टीत एकमेकांना आपापला प्रवास सांगायचो तेव्हा जणू दोन वेगळे गेम खेळलो होतो.

तुमच्या कमळला तीन दिवसांत फक्त सामान बांधायला लावू नका. तिला गावाबाहेर जाऊ द्या, कुणाला तरी भेटू द्या, काहीतरी हलवू द्या.

तिसरा_डाव

सायली, मी गेमसाठी संवाद आणि प्रसंग लिहून पोट भरतो, त्यामुळे थोडं लांबणार आहे.

आधी हिशोब करू. समजा तुमच्या गेममध्ये दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायाने गोष्ट कायमची वेगळी होते. शेवट किती? १०२४. प्रत्येक शेवट तीनशे शब्दांचा धरला तरी नुसत्या शेवटांचे तीन लाखांहून जास्त शब्द झाले, आणि एका वेळी खेळणारा त्यातला एकच वाचणार. म्हणून जवळजवळ सगळेच लेखक वाटा फोडतात आणि पुन्हा एकत्र आणतात. तुम्ही इंक या गेम लिहायच्या भाषेत लिहीत असाल (केंब्रिजच्या इंकल स्टुडिओने २०१६ साली ती सर्वांसाठी खुली केली, मजकुराचे गेम लिहायला मी तीच सुचवेन), तर ओळीच्या सुरुवातीला एक साधी आडवी रेघ दिली की फुटलेले पर्याय तिथे येऊन मिळतात. त्याला गॅदर म्हणतात. वाटा एकत्र आणणं ही फसवणूक असती तर भाषेतच तिच्यासाठी खूण ठेवली नसती.

फसवणूक दुसऱ्या ठिकाणी होते. टेलटेलचा द वॉकिंग डेड, २०१२. पहिल्या भागाच्या शेवटी कार्लीला वाचवायचं की डगला, हे काही सेकंदांत ठरवावं लागतं. त्या वेळी छाती धडधडते. पण ज्याला वाचवलं तो तिसऱ्या भागात लिलीच्या गोळीने मरतो, कुणालाही वाचवलेलं असो. अनेकांना हे कळल्यावर वाईट वाटलं. मला विचाराल तर मधल्या काळात कार्ली ज्या पद्धतीने नायक लीशी बोलते, त्याचा भूतकाळ तिला ठाऊक असतो, ते डगच्या वाट्याला तसं येत नाही. तेवढं पुरेसं आहे का? माझ्या मते जेमतेम, कारण निवड विचारताना गेमने आव फार मोठा आणला होता.

आता तुमच्या घोड्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तो प्रसंग रेड डेड बनवणाऱ्या रॉकस्टारने लिहिला, पण त्यातला घोडा तुम्ही आणलात. धरलात तुम्ही, नाव तुमचं, खरारा तुमचा. लेखकाने पटकथेत एक जागा मोकळी ठेवली आणि ती तुमच्या कित्येक तासांच्या वागण्याने भरली. मोहिमेत मागच्या बाजूने चढायला गेलात तेव्हा काय झालं? तुम्ही काहीतरी आणलंत, आणि गेमने ते घ्यायला नकार दिला. बाहेरच्या जगात 'विचार कर, तुझ्या पद्धतीने कर' असं शिकवलेलं, आणि आत शिरल्यावर तेच शिकलेलं चुकीचं ठरवलं. रागाचं कारण ते आहे. शेवट ठरलेला असण्याशी त्याचा संबंध नाही.

त्याच गेममधला डाउन्स आठवा. कर्जवसुलीसाठी त्या खोकणाऱ्या माणसाला मारहाण करावीच लागते. गेम पुढे जाण्यासाठी ते टाळता येत नाही, आणि आर्थरचा क्षय तिथून येतो. तिथे मला पर्याय नव्हता, तरी मी तक्रार केली नाही. कारण त्या वेळी आर्थर तसाच माणूस होता. नंतर उरलेल्या दिवसांत तो कसा वागतो हे मात्र बरंचसं माझ्या हातात आलं, आणि तो कसा मरतो ते त्यानुसार बदललं. मरण्याची वेळ माझ्या हातात नव्हती, पण मरताना तो कोण असेल ते होतं.

रात्रपाळी, तुमच्या झेल्डाबद्दल एकच सांगतो. त्यातली खरी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच घडून गेलेली आहे. चारही वीर मेले आहेत, राज्य पडलं आहे. तुम्ही कितीही डोंगर चढा, त्यांना वाचवू शकत नाही. गोष्ट भूतकाळात नेऊन ठेवल्यामुळेच ते आठवणींचे तुकडे कुठल्याही क्रमाने सापडले तरी चालतात. मोकळेपणा देण्यासाठी लेखकांनी आधी शेवट पक्का केला.

सायली, गाडी निघू द्या. पण कमळने जातं घेतलं की बियाणं, हे गेमला शेवटपर्यंत आठवलं पाहिजे. प्रत्येक प्रसंगाला खेळणारा किती वेळा येऊन गेला ते इंक आपोआप मोजतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. आत्याकडे तो तीनदा गेला असेल तर गाडीत आत्याने काहीतरी वेगळं बोलायला हवं. एकदाही गेला नसेल तर तिने बोलूच नये.

पाटणची_सायली

तिसरा_डाव, हे वाचून मी उठून दोन फेऱ्या मारल्या. हो, इंकमध्येच लिहिते आहे.

मोकळी जागा हे मला पटलं. माझ्या मसुद्यात गाडीत चढवलेल्या वस्तू फक्त शेवटच्या पानावर यादीसारख्या येतात. आजी सांगते की नव्या जागी पहिल्या पावसात बियाणं पेरायला काढलं तेव्हा शेजारची तीन घरं मागायला आली होती, कारण त्यांनी भांडी आणली होती आणि बियाणं राहिलं होतं. हा प्रसंग गेममध्ये असायलाच हवा, आणि ज्याने बियाणं नेलं नाही त्याने त्याच दारात मागायला जायला हवं.

तरी एक विचारते. द लास्ट ऑफ असमध्ये, २०१३ च्या पहिल्या भागात, शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या डॉक्टरला मारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मला मारायचं नव्हतं. मी उभी राहिले, तो सुरी धरून उभा, काहीच होईना. तिथे मला ना राग आला ना रडू, फक्त मी आणि ज्याच्या रूपात खेळतो तो जोएल वेगळे झालो. तो गेमचा दोष की गुण?

नीलमोहर

डॉक्टरच्या खोलीबद्दल माझं मत: गुण. तोवर कित्येक तास आपण जोएलच्या हातांनी मारत आलो, तेव्हा कुणी थांबलं नाही. नेमकं तिथे थांबावंसं वाटणं आणि थांबता न येणं, यात तो माणूस काय झाला आहे ते कळतं. त्याच खोलीतल्या इतर दोघांना मात्र सोडता येतं. मी सोडलं. तेवढीच माझी जागा होती.

पण मी लिहायला बसले ते आउटर वाइल्ड्ससाठी. (ज्यांनी खेळला नाही त्यांनी हे उत्तर खरोखर वाचू नये. या गेममध्ये माहिती हीच सगळी मिळकत आहे, ती एकदाच मिळते.)

२०१९ चा गेम. तुमचा सूर्य बावीस मिनिटांनी फुटतो, सगळं संपतं, आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. यान पहिल्यापासून तुमचं, कुठल्याही ग्रहावर कुठल्याही क्रमाने जा. कुठली शक्ती मिळवायची नाही, कुलूप उघडायचं नाही. अडवणारी एकच गोष्ट, तुम्हाला ठाऊक नसणं. अर्थात प्रत्येक जण आधी एकच ध्यास घेतो: सूर्य वाचवायचा. तिथे एक प्राचीन जमात होऊन गेली, त्यांनी सूर्य फोडण्यासाठी एक केंद्र बांधलं होतं, असं भिंतींवरच्या लिखाणातून कळतं. मग वाटतं, तिथे पोचलं की हे बंद करता येईल. पोचणं फार कठीण आहे. पोचल्यावर वाचायला मिळतं की त्यांचा प्रयोग फसला होता. सूर्य कुणी फोडत नाहीये. त्याचं आयुष्य संपलं आहे.

मी तिथे कितीतरी वेळ तरंगत राहिले. गेमने मला 'वाचवता येणार नाही' असं सांगितलं नाही. मला जाऊ दिलं, धडपडू दिलं, आणि ते माझं मलाच कळू दिलं. त्यानंतर मी जे काही केलं ते वाचवण्यासाठी नव्हतं, तरी तेव्हाच मी सर्वांत मोकळी होते.

म्हणून सायली, मामेभावाला गाव वाचवायचा प्रयत्न करू द्या. पर्याय दाखवून लगेच 'काही उपयोग झाला नाही' असं एका ओळीत उरकू नका. कमळला तालुक्याच्या कचेरीत जायचं असेल तर जाऊ दे. तीन दिवसांतला अख्खा एक दिवस त्यात जाऊ दे. वाटेत कोण भेटतं, कचेरीत कोण बसवून ठेवतं, नकाशा कोण दाखवतं, हे सगळं लिहा, घराइतक्याच मायेने लिहा. आणि त्या दिवशी घरी जे बांधायचं राहिलं, ते राहू दे.

रात्रपाळी

नीलमोहर, तुमचं उत्तर सुंदर आहे, पण एका जागी मी अडलो आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

सूर्य म्हातारा होतो. धरण म्हातारपणामुळे येत नाही. ते कुणीतरी ठरवतं, नकाशावर रेघ मारतं, मोबदला किती ते लिहितं. सूर्य वाचत नाही म्हणून गावही वाचत नाही, असं खेळणाऱ्याला वाटलं तर गेम नकळत खोटं शिकवेल. आपल्याकडे १९२१ साली मुळशीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच. पण म्हणून लढणाऱ्यांनी काही केलंच नाही, असं कुणी म्हणेल का? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. कमळच्या वेळी तो नव्हता, म्हणून तिच्या घरच्यांना जे सोसावं लागलं त्याला कारणं होती, माणसं होती, तारखा होत्या.

माझी मागणी आता एवढीच आहे. गाडी निघते हे मी मान्य करतो. पण ती का निघते, हे कमळने विचारलं तर उत्तर देणारा माणूस गेममध्ये असू द्या, आणि ती तिथे कुणासोबत गेली, तिने कुठल्या अर्जावर अंगठा उठवला, याने पुढे काहीतरी बदलू द्या. जमीन कुठली मिळाली, सगळं गाव एकत्र वसलं की चार ठिकाणी विखुरलं, एवढं तरी. माझ्या मते खेळणाऱ्याचं स्वातंत्र्य तिथे शोधायला हवं.

तिसरा_डाव

रात्रपाळी, हा मुद्दा माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा वजनदार आहे. मी फक्त लेखनाच्या बाजूने भर घालतो. 'गाव एकत्र राहिलं' आणि 'विखुरलं' हे दोन शेवट झाले म्हणून गोष्ट दुप्पट लिहावी लागत नाही. नव्या वस्तीतल्या पहिल्या पावसाचा प्रसंग एकच ठेवा, त्यात बियाणं मागायला कोण येतं ते बदला. एकत्र राहिले तर शेजारची ओळखीची काकू येईल. विखुरले तर जिचं बोलणंही वेगळ्या वळणाचं आहे अशी अनोळखी बाई. चार-पाच परिच्छेदांचा फरक, पण खेळणाऱ्याला तो विसरता येणार नाही.

आणि सायली, पहिल्याच पडद्यावर सांगून टाका की गाव पाण्याखाली गेलं. आजी म्हणून कमळ नातीला सांगते आहे, असं सुरू करा. मग खोटी आशा लावल्याचा आरोप उरत नाही.

पाटणची_सायली

आजी नातीला सांगते ही सुरुवात मी घेणार नाही. नीलमोहर म्हणतात तसं, खेळणाऱ्याला ते स्वतः कळायला हवं. पहिल्याच ओळीत सांगितलं तर तालुक्याला कुणी जाणारच नाही, आणि मला तो दिवस आता लिहायचाच आहे. माझ्या आजीच्या घरातही शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाचा विश्वास बसला नव्हता. घराच्या कौलांची डागडुजी त्याच वर्षी केली होती त्यांनी.

बाकी असं ठरवलं आहे: गाडी निघणार. तालुक्याची वाट उघडी, किंमत एक दिवस. सोबत कोण न्यायचं ते खेळणारा ठरवणार. आत्याला नेलं तर ती कचेरीत गप्प बसणार नाही आणि तिचं बोलणं तिथल्या एका कारकुनाच्या लक्षात राहील. वडिलांना नेलं तर ते हात जोडतील. अर्जावर अंगठा कुणाचा, त्यावर वस्ती ठरेल. जातं मात्र कुठल्याही वाटेने गाडीत चढवता येईल आणि चढवलं की बैल घाटात थकतील. ते आजीच्या घरचं खरं घडलेलं आहे, ते मी सोडणार नाही.

रात्रपाळी, कारण सांगणारा माणूस कोण असावा यावर अडले आहे. साहेब नको, तो भाषण देईल. मोजणीला आलेल्या माणसांतला, साखळी धरणारा एखादा पोरगा चालेल असं वाटतं, कमळपेक्षा थोडाच मोठा, जो स्वतःच्या गावातही हीच साखळी धरून आला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळात मोजणीवर काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना दिवसाची मजुरी कशी मिळायची आणि राहायची सोय कुठे असायची, एवढं विचारून इथे लिहाल का? तो प्रसंग झाला की नवा मसुदा इथेच टाकते. मामेभावाच्या आधी रात्रपाळींनी खेळावा अशी माझी इच्छा आहे.